पट्टी एकीलाच लागली

भाभीने माझ्या डोळ्यावरची पट्टी खसकन ओढली तेव्हा भुवईचे केस सोबत उपटून आले. बैठकीत पाहुण्या बायका बसल्या होत्या. भाभी चिडली नव्हती. हसत होती. त्यांना म्हणाली, "बघा, हिलाही डोळा सरळ करायचाय." मग माझ्याकडे वळून, "शेण उचलण्यापुरतं दिसतं ना तुला?"

बायका हसल्या. पोट धरून हसल्या. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन.

पट्टी मी कचऱ्याच्या डब्यातून काढली होती. पिंकीच्या डोळ्यावरची, टाकून दिलेली. चिकट उरली नव्हती म्हणून भाताची शितं लावून चिकटवली.

पिंकी ही भाभीची मुलगी. माझ्याहून लहान. तिचा डावा डोळा नाकाकडे वळलेला. माझाही डावाच, तसाच वळलेला. भडगावात त्यांचं कापडाचं मोठं दुकान होतं आणि माझी माय त्यांच्या घरी धुणीभांडी करायची. आम्ही बौद्धवाड्यातले. मायसोबत मी जायचे, मागच्या दाराने.

पिंकीला जळगावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने चष्मा दिला आणि तिच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायला सांगितली. चांगला झाकायचा आणि वाकड्याकडून काम करून घ्यायचं. पिंकीला पट्टी लावली की दिसायचं नाही. ती किंचाळायची, नखांनी पट्टी उचकटायची. मग भाभीने मला शाळेतून काढून तिच्याजवळ बसवलं. माझं काम एवढंच. तिचे हात धरायचे, तिच्याकडून मणी ओवून घ्यायचे, तांदळातले खडे वेचून घ्यायचे, चित्रं दाखवून नावं विचारायची. माझ्या वाकड्या डोळ्याला काही दिसत नाही, हे मला माहीतही नव्हतं. माणूस एकाच डोळ्याने बघतो आणि दुसरा असाच असतो, असं वाटायचं.

त्या दिवशी पिंकीसारखीच पट्टी मी चांगल्या डोळ्यावर लावली. सगळं धूर झालं. मला वाटलं, अस्सं दिसतं म्हणून ती रडते तर. भिंत चाचपत मी बैठकीत आले. खुशीत आले. वाटलं, आता माझाही डोळा सरळ होणार.

खरं सांगायचं तर भाभी एरवी गोड होती. जुने फ्रॉक द्यायची. सणाला जेवायला घालायची, अंगणात का होईना. मायला ती बहिणीसारखी वाटायची. मायने तिला हात जोडून सांगितलं होतं, पिंकीला दाखवायला जाल तेव्हा माझ्या पोरीचंही विचारा.

एकदा मला जळगावला नेलं, पिंकीला धरायला. डॉक्टरने तिला तपासलं आणि मग स्वतःहून मला जवळ ओढलं. बॅटरी मारली. एक डोळा झाकला, मग दुसरा. भाभीशी बराच वेळ बोलला. मला पिंकीला घेऊन बाहेर जायला सांगितलं. काचेतून मी बघत होते. भाभी मान हलवत होती.

रात्री माय चुलीपुढे बसून म्हणाली, "भाभीनी इचारं डॉक्टरले. काही व्हनार नही म्हने. तुना डोया असाच शे." तिला रडू आलं. मी तिची समजूत काढली.

वर्षा-दोन वर्षांत पिंकीचा डोळा सरळ झाला. माझं काम संपलं. मी परत शाळेत गेले. तिथे माझं नाव चकणी पडलं. मास्तरही हजेरीला तेच घ्यायचे. माझी तक्रार नव्हती. डॉक्टरच बोलला होता ना, होणार नाही म्हणून.

पुढे धुळ्याला नर्सिंगला लागले. डोळ्यांच्या विभागात ड्युटी लागली. तिथल्या डॉक्टरांनी शिकवता शिकवता मलाच समोर बसवलं. उजवा डोळा झाकला. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही मला दिसेना. मुली कुजबुजल्या.

डॉक्टर म्हणाले, डोळा निरोगी आहे, मेंदूने त्याला सोडून दिलंय. दोन्ही डोळे एका जागी वळवायचं काम मेंदूचं. ते जमलं नाही की एका वस्तूच्या दोन दिसायला लागतात. लहान मुलाचा मेंदू मग त्यातलं एक चित्र टाकून देतो. टाकतच राहतो. चांगला डोळा झाकला तर त्याला दुसऱ्याकडून बघावंच लागतं, शिकावंच लागतं. पण हे लहानपणीच. नंतर ऑपरेशनने डोळा सरळ दिसेल, नजर यायची नाही.

"लहानपणी कुणाला दाखवलं नव्हतं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, दाखवलं होतं. जळगावचे डॉक्टर म्हणाले होते, काही होणार नाही.

"डोळ्यांचा डॉक्टर असं म्हणणार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले.

सुट्टीत थेट भाभीकडे गेले. पुढच्या दाराने. तिला आनंद झाला. कपात चहा दिला. सासू अंथरुणाला खिळलीय, शिक्षण झालं की आमच्याकडेच राहा, घरचीच तू, असं म्हणाली. मी विचारलं, जळगावच्या डॉक्टरने माझ्या डोळ्याचं काय सांगितलं होतं?

तिने लपवलं असतं तर बरं झालं असतं. तिने लपवलं नाही. आठवून सांगितलं, सहज.

"हिलाही पट्टी लावा म्हणाले होते. पण तुम्हा दोघींचे डोळे झाकले असते तर पिंकीला सांभाळलं कोणी असतं? आणि तुझं कुठं अडलं? झालीस ना नर्स."

हिला ते चुकीचंही वाटत नव्हतं. एका पोरीचा डोळा तिने दुसऱ्या पोरीच्या कामाला लावला होता. वर मायकडून स्वतःचे आभार मानून घेतले होते.

"मी येणार नाही," मी म्हणाले. "मायही येणार नाही."

चहा तसाच ठेवून उठले.

घरी मायला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "मीच जावाले पाहिजे व्हतं." दुसऱ्या दिवसापासून तिने त्या घराची पायरी चढली नाही.

आता मी पिंपळनेरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात आहे. गड्याचं, मोलकरणीचं पोर घेऊन मालकीण येते. म्हणते, मला सांगा, मी त्याच्या आईला सांगते. मी मालकिणीला बाहेर बसवते. आईला बोलावून घेते. ती शेतात असेल तर थांबते. येईपर्यंत थांबते. जे सांगायचं ते तिलाच सांगते, तिला समजेल त्या बोलीत, आणि तिच्याकडून परत वदवून घेते.

लोक म्हणतात, जुनं झालं, सोड. भाभीला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. आमच्या लेकराच्या दुखण्याचा निरोप यापुढे दुसऱ्याच्या तोंडून आमच्यापर्यंत येणार नाही. मी या दवाखान्यात आहे तोवर नाही. माझ्यानंतरच्या नर्सलाही मी हेच शिकवून जाणार आहे.