जुन्या मोजणीचे कार्ड

माझ्यावर सर्वात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते रोह्याच्या मोजणीदार काकांचे. ते माझ्या नात्यातले नाहीत. धरमतरच्या बाजूला मिठागराची मोजणी करायला ते आले होते आणि माझी आई त्या मिठागरात कामाला होती. आमच्या घरी पाणी प्यायला थांबले तेव्हा त्यांनी माझी बारावीची गुणपत्रिका मागून घेऊन वाचली आणि आईला विचारले, "पुढं काय?"

आई म्हणाली, "पुढं काय? कुठल्या तरी कंपनीत लागंल."

त्यानंतरच्या सोमवारी ते मला स्वतः रोह्याच्या कॉलेजात घेऊन गेले. प्रवेशाचा अर्ज त्यांनी माझ्याकडून तीनदा लिहून घेतला. पुढची तीन वर्षे मी त्यांच्या माडीवर राहून शिकलो. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. आज पेणला माझे लॅपटॉप दुरुस्तीचे दुकान आहे.

मागच्या उन्हाळ्यात काका दुकानात आले आणि त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवले. एटीएमच्या कार्डाएवढे, पण जाड आणि पत्र्याचे. त्यांच्या जुन्या मोजणीयंत्राचे ते कार्ड होते. दिवसभर मोजलेले सगळे बिंदू त्यात साठायचे आणि संध्याकाळी ते कार्ड लॅपटॉपच्या कडेच्या खाचेत घातले की पडद्यावर शेते उमटायची. यंत्र आता सुट्या भागांसाठी विकले गेले होते. लॅपटॉप कुंडलिका नदीचे पाणी घरात शिरले तेव्हा खालच्या कपाटात होता, तो संपला. कार्ड माडीवर होते म्हणून वाचले.

"यात खारातल्या शेतांची मोजणी आहे," काका म्हणाले. "आता ती एवढ्यातच आहे. कार्ड जसं आहे तसं मशीनला लाव. बाकी काही करू नको."

खारातली शेते म्हणजे आमच्याच गावाची, खाडीला बांध घालून राखलेली जमीन. दोन वर्षांपूर्वी मोठ्या भरतीला बाहेरचा बांध फुटला, आमच्याकडे त्याला खांड गेली म्हणतात. खारे पाणी आत फिरत राहिले आणि शेताशेतांमधले मातीचे बांध विरघळून गेले. आता खांड बांधून झाली होती, पण आत सगळी एकच सपाट चिखलाची जमीन दिसत होती. सरकारी नकाशात मोठे गट असतात, भावाभावांतले पोटहिस्से नसतात. ते काकांनी खांड जाण्याच्या आधी, सगळ्यांना शेतात उभे करून, सगळ्यांच्या संमतीने मोजले होते. पावसाआधी आतले बांध पुन्हा घालायचे, तर ती मोजणी हवी होती.

सर्वात जास्त हवी होती ती आईच्या एका मैत्रिणीला. मी तिला मावशी म्हणतो. तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि दोन मोठ्या शेतांच्या मधे तिची एक चिंचोळी पट्टी. दोन्हीकडचे दीर तिला सांगत होते की तुझी पट्टी खांडीच्या कोंडीत, पाण्याने कोरलेल्या खड्ड्यात गेली, तिथे आता नुसते खोल पाणी आहे. एक दिवस ती आईबरोबर दुकानात आली.

"बस गो," आई म्हणाली.

"बसायला नाय आलो. काय रं, तू कार्ड वाचतोस का कार्डच तुला वाचतंय? आठ दिवस झालं."

"मावशी, खाच जुळत नाही."

"एवढी शाळा शिकलास नि खाच जुळंना?" मग हसणे थांबवून ती म्हणाली, "माझी पट्टी दिसंल ना रं त्यात? मी सवता काठी धरून हुबी होते, त्या म्हाताऱ्या आंब्याकडं तोंड करून. काकांनी बटण दाबलं तवा टीं वाजलं."

"दिसेल," मी म्हणालो.

खाच जुळत नव्हती हे खरे होते. काकांच्या कार्डाची रुंद खाच हल्लीच्या लॅपटॉपना नसतेच. माझ्याकडे गिऱ्हाइकाने सोडून दिलेला एक जुना लॅपटॉप होता, त्याला खाच होती, पण ती नंतरच्या जातीची, अरुंद. मधे अडॅप्टर लागणार होता: एका टोकाला अरुंद खाचेत बसणारी पट्टी, दुसऱ्या टोकाला जुने कार्ड बसेल अशी पेटी. मी मुंबईच्या एका विक्रेत्याला फोटो पाठवला आणि त्याने अडॅप्टर धाडला. पट्टी बसली, कार्ड बसले, पण लॅपटॉपला कार्डाचा पत्ता नाही. मी फोन केला.

"दादा, फोटोवर भरवसा ठेवून मीपण फसलो," तो म्हणाला. "तो अडॅप्टर इंटरनेटच्या जुन्या कार्डांचा. आतून नुसती यूएसबीची वायर. दिसायला जुळा भाऊ, कामाला नाय. तुम्हाला आत चिप असलेला पायजे, त्याला वेगळी वीज पण लागते. शोधतो. दहा-बारा दिवस धरून चला."

ते दहा-बारा दिवस मी नुसता थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या खाडीकाठी एक रीत आहे. पडून राहणाऱ्या वस्तूत सेल ठेवायचा नाही. बॅटरी, रेडिओ, भिंतीवरचे घड्याळ, काहीही असो, काम झाले की सेल काढून कागदात गुंडाळायचा. खारी हवा सेलला खाते, सेल फुटतो आणि वस्तूही घेऊन जातो. लहानपणी मी बॅटरी तशीच ठेवली की आई घरातूनच ओरडायची, "सेल काढलास का रं? का मिठाला खायाला ठेवलास?" पेणला राहूनही माझी ही सवय गेलेली नाही.

कार्डाच्या कडेला एक छोटी सरकपट्टी होती. मी ती सहज उघडली. आत नाण्यासारखा सेल होता आणि त्याच्या काठावर पांढरी भुकटी धरली होती. काकांची वस्तू, आणि तिला गंज चढतो आहे. मी सेल काढला, जागा पुसली, सेल कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवला. त्या दिवशी मला आपण फार जपून काम करतो असे वाटले होते.

दुसरा अडॅप्टर आला. मी कार्डात नवा सेल घातला, अडॅप्टरला वीज जोडली, कार्ड आत ढकलले. लॅपटॉपने लगेच ओळखले. आनंदाने मी खुर्चीतून उठलोच. मग पडद्यावर आले की कार्ड कोरे आहे, वापरण्याआधी तयार करून घ्या.

पहिला संशय अडॅप्टरवर. एक जुने नेटवर्कचे कार्ड शोधून त्यात घातले, ते व्यवस्थित चालले. पुन्हा काकांचे घातले. कोरे. मी पुन्हा त्या विक्रेत्याला फोन लावला.

"यंत्राचं कार्ड ना? त्यात सेल असतो, त्याच्यावरच सगळी आठवण टिकते," तो म्हणाला. "सेल कधी बदललात? यंत्र चालू असताना, कार्ड आत असताना ना?"

"नाही. कार्ड बाहेरच होतं."

"बाहेर काढून बदललात? अरे देवा."

"परत येतं का?"

"पेनड्राइव्ह नाय दादा तो. वीज गेली, पाटी पुसली."

फोन ठेवल्यावर मी ड्रॉवरमधला सेल काढून मीटर लावला. पांढरी भुकटी नुसती वरवरची होती. सेल जिवंत होता, अजून एखादे वर्ष सहज चालला असता.

दोन दिवस मी दुकान उघडून बसलो, पण कुणाचे काम हातात घेतले नाही. सुटका अगदी समोर होती. अडॅप्टर जुळला नाही, एवढेच म्हणायचे. महिनाभर मी तेच सांगत होतो, मावशीला, आईला, काकांना. कुणी विचारले नसते. काका हळहळले असते आणि वर मलाच म्हणाले असते की तू फार खटपट केलीस. आणि मावशीचे दीर म्हणाले असते, बघ, मोजणीत पण तुझी पट्टी निघाली नाही.

ते वाक्य माझ्या मनात आले आणि मग गेलेच नाही. काकांना हल्ली फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि समोर गेलो असतो तर माझ्या तोंडून निघाले नसते. म्हणून पत्र लिहिले. त्याची नक्कल इथे देतो.

"काका,

तुमच्या पाया पडून लिहितो. कार्डातली मोजणी गेली. अडॅप्टरमुळे नाही, माझ्यामुळे. योग्य अडॅप्टर मिळाला होता, पण त्याआधीच मी कार्डातला सेल काढून ठेवला होता. त्या सेलवरच मोजणी टिकून होती हे मला माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते. बाकी काही करू नको असे तुम्ही सांगितले होते, तरी मी केले. काढलेला सेल चांगला होता, म्हणजे मी हात लावला नसता तर आज सगळी शेते पडद्यावर असती. ती परत आणता येत नाहीत, हे मी मुंबईत तिघांना विचारून घेतले आहे.

दोन दिवस मी तुम्हाला खोटे कळवण्याच्या विचारात होतो.

येत्या रविवारी मी गावात जाऊन सगळ्यांना एकत्र बसवून हे सांगणार आहे. मावशीची पट्टी मोजणीत होती आणि ती माझ्या चुकीने पुसली गेली, हे मी तिच्या दिरांसमोर बोलणार आहे, म्हणजे ती निघालीच नाही असे कुणाला म्हणता येणार नाही. ते लिहून, खाली सही करून तिच्या हातात देईन. पण तिची पट्टी किती रुंद होती आणि कुठून कुठे होती, हे मला सांगता येणार नाही. ते आता कुठे लिहिलेले नाही. तुम्ही मोजलीत, तुम्हाला काही आठवत असेल. त्या दिवशी शेतात उभे असलेले आणखी कुणी आठवत असतील तर त्यांची नावे कळवा, मी एकेकाच्या घरी जाईन.

तुम्ही रविवारी यावे अशी इच्छा आहे. आग्रह करण्याचा हक्क मला राहिलेला नाही. नाही आलात तरी मोजणी तुम्ही बरोबर केली होती, हे मी पहिल्यांदा सांगेन आणि मग माझे सांगेन. सकाळी नऊच्या एसटीने निघेन, पेणच्या स्टँडवर साडेआठपासून उभा असेन."