अर्धा इंच

"आधी माप, मंग गप्पा," असं म्हणून आमचे टेलरमास्तर गळ्यातली टेप उगारायचे. बायका ब्लाउजची फॅशन सांगत राहायच्या, मास्तरांचं लक्ष आकड्यात. औंढ्यात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला खेटूनच त्यांचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की ते येऊन माझ्या काउंटरची लांबी मोजून जायचे. ती कधी बदलली नाही, तरी मोजायचे.

रेडिमेडमुळे काम घटलं, तेव्हा त्यांनी ब्लाउज शिवायची शिकवणी मोबाईलवर काढली. चित्रीकरण माझं. पैसे भरून नाव नोंदवणाऱ्या बायकांनाच व्हिडिओ पाठवायचा, असं ठरलं. आठवड्यात तो सेनगावापर्यंत पोचला. माझ्या बायकोला तर तो माहेरहून आला, म्हणजे बघा!

मी पासवर्डचं सुचवलं. मास्तर हसले. त्यांनी मुंढ्याचं, म्हणजे काखेच्या घेराचं, माप अर्धा इंच कमी सांगून नवा व्हिडिओ केला. नाव नोंदवणाऱ्यांना खरं माप फोनवर. या कुलपावर ते इतके खूश, की दोन दिवस चहा त्यांच्याकडून.

पुढे सेनगावाकडच्या गोरेगावात एका लग्नाला मास्तर आणि मी गेलो. मंगलाष्टकं सुरू झाली आणि बायकांच्या बाजूच्या अक्षता पुढे येईचनात. कोपरं अंगाला चिकटलेली, नुसत्या मनगटाने उडवणं चाललेलं; सगळे तांदूळ पुढच्या रांगेच्या अंबाड्यात. मला हसू आवरेना. तेवढ्यात एक काकू मास्तरांना ओळखून जवळ आल्या.

"चाचा, तुमचंच बघून शिवलं. हात काहून वर होऊन न्हाई राहिला?"

फुकटचं बघितलं की असंच व्हायचं, असं मी पुटपुटलो. मास्तर मांडवाबाहेर जाऊन बसले. जेवलेही नाहीत.

परतताना जीपमध्ये म्हणाले, "चोरी त्यांची, कबूल. पन खोटं माप माझ्या तोंडून गेलं ना. चालीस साल में पैली बार."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरं माप सांगून व्हिडिओ पुन्हा केला आणि सगळ्यांना वाटून टाकला. शिकवणी तिथेच बुडाली.

मास्तरांना जाऊन आता वर्ष होईल. परवा तोच व्हिडिओ फिरत फिरत माझ्या फोनवर आला. खालचं मास्तरांचं नाव पुसून कुणीतरी स्वतःचं टाकलेलं. डोकंच फिरलं माझं. तरी मुंढ्याचं माप येईपर्यंत ऐकत राहिलो. ते बरोबर होतं. राग काही गेला नाही, पण व्हिडिओ मी पुढे पाठवला.