गुडघ्यांच्या नावावर

पुरुषाने आपलं दुःख मौनाने सोसावं, यातच त्याचा पुरुषार्थ आहे. परवा माझी साखर दाखवायला दवाखान्यात गेलो, तेव्हा हे मौन मला स्पष्ट ऐकू आलं, कारण डॉक्टरांच्या खोलीला दाराऐवजी पडदा आहे. आत पन्नाशीचे एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी बसली होती.

“गुडघे दुखतात,” गृहस्थ म्हणाले.

“गुडघे काय घेऊन बसलात? सांगा ना खरं!” बाई म्हणाल्या आणि शेवटी त्यांनीच सांगितलं. दोन वर्षं यांना जमत नाही, आणि हे हायवेवरच्या वैदूच्या तंबूतून आणलेलं चूर्ण दुधातून घेतात.

बाहेर आम्ही सगळे पुरुष एकदम मोबाइलमध्ये बघू लागलो.

डॉक्टरांनी साखर, रक्तदाब, सिगारेट, सगळं विचारलं. मग म्हणाले, “बारीक रक्तवाहिन्या आधी अरुंद होतात. हृदयाच्या मोठ्यांची पाळी नंतर येते. चालताना छाती आवळते का?”

“आवळते. पण तेही सांगायचं असतं?”

“तुमच्या त्या न जमण्यावर गोळ्या आहेत. सिगारेट सुटली, साखर आवरली, तरी फरक पडतो. पण आधी हृदय बघू. कार्डिओग्राम आत्ताच काढा.”

शरीर दोन वर्षं निरोप धाडत होतं आणि गृहस्थ त्यावर दूध पीत होते. चारचौघांत मान राहावा म्हणून माणूस आपलं मरणसुद्धा गुडघ्यांच्या नावावर खपवतो.

कार्डिओग्रामची खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद होती.