बॅस्टिल न पडलेलं कॉलेज

स्टाफरूममधल्या किश्श्यांचं माळ्यावरच्या डब्यांसारखं असतं. रोज एखादा वर टाकायचा आणि विसरून जायचं! घर सोडायची वेळ आली की कळतं, केवढे साठलेत ते. आमचं कॉलेज यंदा बंद झालं. कपाटं, पंखे, फळे सगळ्याला गिऱ्हाईक मिळालं. किस्से मात्र माझ्या गळ्यात पडले. मी तिथं आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यामुळे ते सांगायचं कामही माझ्याकडेच आलंय.

विश्रामबागेतलं हे मुलींचं कॉलेज, नन्सनी चालवलेलं. बाजूला चॅपल, मागे हॉस्टेल. आणि सगळ्यांच्या मधे इतिहास शिकवणाऱ्या सिस्टर फिलोमिना. पुढे प्रिन्सिपल झाल्या तरी इतिहासाचा तास काही त्यांनी सोडला नाही.

*

सिस्टर मूळच्या मंगळूरकडच्या. मराठी शिकल्या त्या हॉस्टेलमधल्या कोरेगाव-म्हसवडच्या पोरींकडून. त्यामुळे व्हायचं तेच झालं!

एकदा पुण्याहून कॉलेज तपासायला कमिटी आली. अध्यक्ष म्हणजे अगदी इस्त्रीचे गृहस्थ. "आपली परवानगी असेल तर आसनस्थ होऊ का?" असं काहीतरी म्हणाले.

पांढऱ्या झग्यातल्या सिस्टर लगबगीनं उठल्या. "आवं, बसा की! इचारताय काय? च्या घेणार न्हवं?"

अध्यक्षांनी मला हळूच विचारलं, "या माण-म्हसवडकडच्या का?"

"मंगळूरच्या," मी म्हटलं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

*

आमच्या पोरी बहुतेक उसाच्या रानातल्या, नाहीतर फौजींच्या घरच्या. वर्ष अर्ध्यावर आलं की एखादीचा बाप लग्नाची पत्रिका घेऊन दारात उभा! पोरगी जायची. तिची बाकावरची जागा मात्र सिस्टर वर्ष संपेपर्यंत रिकामी ठेवायच्या. चुकून कुणी बसली की लगेच, "ऊठ गं. ती यायची हाय."

मी एकदा चिडवलं, "सिस्टर, तिची मांडी आता पोरानं अडवली असेल!"

"मग पोराला बी घिऊन यील. बाकावर जागा हाय की."

आम्ही सगळ्या हसलो. पण आजवर त्यातली एकही परत आली नव्हती, आणि हे सिस्टरांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मला त्यांचा रागही यायचा. कशाला एवढी वाट बघायची?

*

रुक्मिणी म्हसवडची. वडील रिटायर्ड सुभेदार. पोरगी अशी की सिस्टर शिकवायला लागल्या की पापणी हलवायची नाही.

त्या दिवशी फ्रेंच राज्यक्रांती चालली होती. पॅरिसमधली माणसं चिडून रस्त्यावर उतरलीत, बॅस्टिलच्या तुरुंगाकडे निघालीत, आणि तेवढ्यात दारात कडक आवाज आला, "मे आय कम इन?" सुभेदार! पोरीचं लग्न ठरलं होतं.

"आवं सुभेदार, परीक्षेपातुर तरी थांबा!"

"शब्द दिलाय, सिस्टर. आता न्हाई थांबता यायचं."

रुक्मिणीनं वही-पुस्तक गोळा केलं. रडली नाही. दारापाशी मात्र वळली. "सिस्टर, पुढं काय झालं? तुरुंग फोडला का त्यांनी?"

सिस्टर म्हणाल्या, "परत ये. मग सांगते."

*

पुढची मजा ऐका. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी पुस्तकाची पानं उलटली आणि थेट नेपोलियनवर गेल्या! पोरी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. मी सिस्टरांना गाठलं.

"अहो, परीक्षेला हमखास येतं ते!"

"गाईडात वाचा म्हणावं. ती आल्याबिगर मी न्हाई शिकवायची."

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्याही. लोक तुरुंगाकडे निघायचे आणि सिस्टर पानं उलटायच्या. जगात बॅस्टिल पडलं असेल, आमच्या कॉलेजात कधी पडलंच नाही!

*

मग पोरी कमी होत गेल्या. गावोगाव कॉलेजं निघाली, आणि नुसत्या मुलींचं कॉलेज आता कुणाला हवंय? सिस्टरही थकल्या. रिटायर झाल्या तरी कॉन्व्हेंटमध्येच होत्या. एकेक माणूस विसरत चालल्या.

एका सकाळी चॅपलबाहेर मला थांबवून म्हणाल्या, "नवी ॲडमिशन का गं? कुठल्या गावची?"

माझे केस पांढरे, गुडघ्यांना पट्टे. मी म्हटलं, "कोरेगावची, सिस्टर."

"हॉस्टेलात पोटभर जेवतीस न्हवं?"

"व्हय, सिस्टर," म्हटलं, आणि मागच्या व्हरांड्यात जाऊन रडले.

*

शेवटचा दिवस. दुसऱ्या दिवशी सिस्टरांना मंगळूरच्या वृद्धाश्रमात न्यायचं होतं. कॉलेज बंद होतंय हे माजी विद्यार्थिनींच्या ग्रुपवर गेलं होतं, त्यामुळे सकाळपासून बायका येत होत्या, पाया पडत होत्या, सेल्फी घेत होत्या. सिस्टर सगळ्यांकडे बघून हसत होत्या. ओळखलं एकीलाही नाही.

दुपारी गर्दी पांगली. त्यांना त्यांच्या जुन्या वर्गात बसायचं होतं, म्हणून मी घेऊन गेले. बाकं टेम्पोत चढून गेलेली. एक खुर्ची आणि भिंतीवरचा फळा तेवढा उरलेला. त्या खुर्चीवर बसल्या.

दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात पिशवी, म्हसवडच्या एसटीची धूळ अंगावर. मी ओळखलं नाही.

"मे आय कम इन, सिस्टर?"

सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग बाकं शोधल्यासारखी वर्गभर नजर फिरवली. एकही नव्हतं. भिंतीचा आधार घेत उठल्या, स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. लय उशीर केलास."

ती बसली. सिस्टर फळ्यापाशी गेल्या, खालचा खडूचा तुकडा उचलला आणि थबकल्या. काही आठवेना. वळून तिलाच विचारलं, "कुठवर आलो हुतो गं आपण?"

पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "लोक रस्त्यावर आल्यात, सिस्टर. बॅस्टिल पडायचं ऱ्हायलंय."