न पाहता केलेल्या तीन सह्या

तिला सगळे भिंगरी म्हणतात. बूड टेकून बसलेलं तिला कुणी पाहिलं नाही. जेवतेही उभ्यानं, भांडतेही उभ्यानं, आणि धंदाही इस्त्रीचा. सरकारी शाळेच्या पालक समितीची अध्यक्ष ती अशीच झाली. पालकांच्या सभेत सगळे बसलेले, ही एकटी दाराशी उभी. मुख्याध्यापकांना वाटलं, ही तयार आहे.

शाळेतलं पाणी, संडास, छप्पर बघायचं आणि रजिस्टरात सही करायची, हे समितीचं काम. ती सही बघितली की वरचं ऑफिस गप्प. पण सभेला वेळ कुणाला? रजिस्टरच घरोघर फिरायचं. शिपाईमामा ते टेबलावर उघडून धरायचे, आणि भिंगरी एका हातात तापलेली इस्त्री धरून दुसऱ्या हातानं सही ठोकायची.

त्या दिवशी सकाळपासून लाईट नव्हती. इस्त्री गार, हात रिकामे. चाळा म्हणून तिनं रजिस्टर वाचलं. 'पाण्याची टाकी धुतली. समितीने समक्ष पाहिली.'

"मामा, ही कुणी पाहिली?"

"तुम्हीच की, अध्यक्षबाई."

"मी कधी पाहिली?"

"मागच्या महिन्यात पाहिलीत. त्याआधी दोनदा." मामांनी पानं उलटून दाखवली. खाली तिच्याच सह्या, ठसठशीत.

मागच्या महिन्यात तिची पोरगी अकरा दिवस जुलाबानं आडवी होती. गल्लीतली आणखी सात पोरंही. तेव्हा भिंगरीनं खापर फोडलं ते फाटकाबाहेरच्या बर्फवाल्यावर. चार बायका घेऊन त्याची गाडी तिथून उठवली होती.

मग काय, पायाला चाकं लागली. तडक शाळेत, शिडी लावून वर. टाकीचं झाकण सरकलेलं, पाण्यावर हिरवी साय, सायीत फुगलेलं कबुतर. खाली उतरून तिनं पहिल्यांदा नळांची मुख्य चावी बंद केली.

"आजच धुऊन घेऊ," मुख्याध्यापक म्हणाले. "बोभाटा कशाला? आणि सही तुमची आहे, अध्यक्षबाई. लोक आधी तुम्हालाच धरतील."

ते काही खोटं नव्हतं. गल्लीतल्या आयांचे कपडेच तर तिच्या टेबलावर यायचे. त्या बिथरल्या तर इस्त्री फिरवायची कशावर?

टाकी संध्याकाळपर्यंत धुतली गेली, पण भिंगरीला चैन पडेना. चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत येरझारा. जाऊ वैतागली. "अगं, धुतली ना टाकी? आता तोंडाला कुलूप घाल. आपल्याच पायावर कुऱ्हाड मारायची हौस आहे का?"

"आज धुतली. पुढच्या महिन्यात पुन्हा सही मागतील."

"मग तेव्हा वाच."

"मी वाचीन गं. समितीतले बाकीचे सहा कुठं वाचतात?"

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती फाटकात उभी राहिली आणि जमलेल्या आयांना सगळं सांगून टाकलं. कबुतर, सह्या, काही ठेवलं नाही. घड्याळजीची बायको ऐकत होती. समितीत तीही होती.

"माझं पोर सलाईनवर होतं, भिंगरे," ती एवढंच म्हणाली. मग आपलीही तशीच सही आठवली असेल, तिनं मान खाली घातली. पण जाताना भिंगरीच्या टेबलावरचं आपलं गाठोडं, अर्ध्या इस्त्रीचं, उचलून नेलं. तिच्यामागून आणखी तिघींनी नेलं.

शनिवारी पहिली खरी सभा भरली. पोरांच्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीला. भिंगरी भिंतीशी उभी. म्हणाली, "अध्यक्ष बदला."

"बदलू," घड्याळजीची बायको म्हणाली. "आधी लिही."

भिंगरीनं लिहिलं, 'मागच्या तीन सह्या न पाहता केल्या.' रजिस्टर हातोहात फिरलं. प्रत्येकानं बोट ठेवून वाचलं, मग त्याखाली 'मीसुद्धा' लिहून सही केली. तासभर लागला. मुख्याध्यापक चुळबुळ करत खिडकीबाहेर बघत राहिले. ते पान वर जाणार होतं.

नवी अध्यक्ष घड्याळजीची बायको झाली.

"आता दर महिन्याला टाकीवर चढायचं कुणी?" एकानं विचारलं.

"माझे गुडघे गेलेत," नवी अध्यक्ष म्हणाली. "ही चढेल. नाहीतरी बसवत नाही तिला. मी शिडी धरते."

तेव्हापासून ती शिडी धरते, अगदी घट्ट. कपडे मात्र अजून दुसरीकडेच टाकते.