बायकोनं भरलेली काडतुसं

माझी बायको बेसमेंटमध्ये काडतुसं भरते, ही गोष्ट मी कॅल्गरीतल्या एकाही मराठी घरात बोललो नव्हतो. कुणाकडे जेवायला गेलं की ती ओल्या नारळाच्या करंज्या घेऊन जाणार, सगळे तिच्या हाताचं कौतुक करणार आणि मी खुर्चीत चुळबुळत बसणार. त्याच हातांनी आज सकाळी काय केलंय हे यांना कळलं तर, या धास्तीनं मी करंजीचे नुसते तुकडे करत राही. 'तुमचे हे इतके गप्प का?' असं कुणी विचारलं की ती म्हणे, 'रिटायर झाल्यापासून असेच आहेत.' म्हणजे खापर पुन्हा माझ्याच डोक्यावर.

रिटायर मी झालो होतो हे खरं. तेल कंपनीतली नोकरी संपली आणि माझ्या पायाला भिंगरी लागली. कॉन्डो घे, क्रूझला जा, असं लोक सांगत होते. मी मेडिसिन हॅट गावाच्या पुढे, नदीजवळच्या उघड्या माळावर एक जुनं फार्महाउस आणि थोडी जमीन घेतली. कॅल्गरीहून गाडीनं तीन तास. बायको तोवर हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाली होती. तिनं कुरकुर केली नाही. पहिल्याच उन्हाळ्यात मागच्या बाजूला मेथी आणि दुधी लावला, खिडक्यांना पडदे शिवले.

एका दुपारी ती ओट्याशी उभी असताना खिडकीतून तिला मागच्या पायरीवर साप दिसला. रॅटलस्नेक, शेपटीनं खुळखुळा वाजवणारा विषारी साप. उन्हात आरामात पसरलेला, काही हालचाल नाही. ती ओरडली नाही. तिनं गॅस बंद केला, पुढच्या दारानं बाहेर गेली, गाडीत बसली आणि काचा वर करून घेतल्या. मी घर बंद करून येईपर्यंत ती तशीच समोर बघत होती. परतीच्या वाटेवर कॉफीला थांबलो तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं.

"त्याला मारायला काय लागतं?"

मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, "लाटणं पुरेल." ती हसली नाही.

आमचा मुलगा लंडनला असतो, म्हणजे ऑन्टारियोतल्या. तिथल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीमध्ये डॉक्टर आहे. त्याच हिवाळ्यात त्याचा फोन आला की पुढच्या सुट्टीत नातीला महिनाभर आमच्याकडे पाठवतो, तिला फार्म बघायचंय. नात पहिलीत. मी आनंदानं उडी मारायचा तेवढा बाकी होतो. बायको 'हो हो, पाठव' म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या सेफ्टी कोर्सला नाव घालून आली. वर्गात सगळे विशी-तिशीतले, त्यांत ही एकटी आजीबाई, आणि परीक्षेत पहिली. लायसन्स आलं, मग रिव्हॉल्व्हर आलं, मग बेसमेंटमध्ये डीप फ्रीझरशेजारी टेबल लागलं आणि त्यावर काडतुसं भरायचा हातानं दाबायचा प्रेस बसला.

सापावर साधी गोळी लागणं कठीण. त्यासाठी काडतुसात गोळीऐवजी छर्रे भरतात, मोहरीच्या दाण्याएवढे बारीक. तशी काडतुसं दुकानात तयार मिळतात. मी तिला तसं म्हणालोसुद्धा. त्यावर तिचं उत्तर: "लॅबमध्ये दुसऱ्यानं कालवलेल्या रिएजंटवर मी जन्मात विश्वास ठेवला नाही, काडतुसावर ठेवू?"

मग रोज सकाळी चहा झाला की पांढरा एप्रन, डोळ्यांना गॉगल, आणि बाई खाली. पितळी पुंगळ्या घासून लखलखीत. दारू तराजूवर तोलून. वर छर्रे, त्यावर पुठ्ठ्याची चकती, त्यावर मेणाचा थेंब. तयार झालेली काडतुसं ती टेस्ट ट्यूबच्या स्टँडमध्ये उभी करी. तो स्टँड लॅबमधल्या पोरींनी तिला निरोपाच्या वेळी आठवण म्हणून दिला होता. मी जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बघत असे. वर जावं तर लक्ष लागत नाही, खाली जावं तर ती म्हणणार, 'सावली पाडू नका.'

माझी तगमग वेगळ्याच गोष्टीची होती. कॅनडात रिव्हॉल्व्हर घरातून फक्त नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं, तेही कुलूप लावून. फार्मवर नेणं गुन्हा. वर आमच्या अल्बर्टा प्रांतात रॅटलस्नेकला संरक्षण आहे, त्याला मारणंही गुन्हा. म्हणजे ज्या कामासाठी हा सगळा उपद्व्याप, त्याच्या आडवे दोन-दोन कायदे. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, परीक्षेत पहिली आली होती.

"मग हे भरतेस कशाला?"

"असू दे जवळ."

एवढंच. हिवाळ्यात घर नीट आहे ना हे बघायला फार्मवर चक्कर मारायचं ठरलं की मी आदल्या दिवशी गाडीची डिकी उपसत असे. जादा टायर बाजूला कर, ब्लँकेटं झटक, टूलबॉक्स उलटा कर. ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहा पीत बघायची. "सापडलं का?" असं विचारायची, आणि मी चोर असल्यासारखा डिकी बंद करायचो.

मार्चमध्ये एका रविवारी व्हिडिओ कॉलवर नातीनं आजीच्या मागे बेसमेंटमधला तो स्टँड पाहिला. "आजी, व्हॉट्स दॅट शायनी स्टफ?"

"ते सापासाठी आहे, बाळा."

पडद्यावर लगेच मुलाचा चेहरा आला. "आई, आर यू किडिंग मी? तुझ्याकडे गन आहे?"

"कुलपात आहे."

"आय डोन्ट केअर. मी ईआरमध्ये काय बघतो, तुला सांगू? नो गन्स व्हेअर माय किड स्लीप्स. पीरियड."

"तिथे साप आहेत रे."

"मग ती येणार नाही. कॅन्सल करतो तिकीट."

फोन बंद झाला. माझं डोकं फिरलं. मी हिवाळाभर त्या पोरीची वाट बघत होतो. तिच्यासाठी सफरचंदाच्या झाडाला झोपाळा टांगून ठेवला होता. मी भडकून म्हटलं, "पोरगीच येणार नाही, तर साप कुणाला चावणार आहे?"

"नाही आली तर बरंच," ती म्हणाली आणि जिना उतरून खाली गेली. थोड्या वेळानं प्रेसचा कर्र आवाज यायला लागला.

त्या उत्तरानं मी चक्रावलो. नातीचा फोटो उशाशी ठेवून झोपणारी ही बाई. ती येऊ नये असं हिला वाटतं? मी घरभर येरझाऱ्या घातल्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी तिच्या मनाच्या एका कोपऱ्यात मला प्रवेश नाही, असं तेव्हा वाटलं. मला त्याचा रागही आला आणि भीतीही वाटली.

एप्रिलमध्ये ती काडतुसं चालवून बघायला रेंजवर निघाली. मीही पाहुणा म्हणून गेलो. घरी बसलो असतो तर जीव थाऱ्यावर राहिला नसता. सापाऐवजी मी कपडे वाळत घालायच्या दोरीचा तुकडा एका पुठ्ठ्यावर वाकडातिकडा ठोकून दिला. ती चार पावलांवर उभी राहिली. बार उडाला, वाटला होता त्यापेक्षा बारका. पुठ्ठा काढून आणला तर दोरीला एखाददुसरा ओरखडा आणि बाकी सगळा पुठ्ठा चाळण.

"साप वाचला," मी म्हटलं.

तिनं भोकांवर पंजा ठेवला. पंजाखाली सगळी भोकं मावत नव्हती. "शेजारी कुणी उभं असेल तर?"

"तर त्याला लागेल."

तिनं रिव्हॉल्व्हर पुसून पेटीत ठेवलं, कुलूप लावलं. मला वाटलं, चला, भूत उतरलं. पण गाडीत बसल्यावर म्हणाली, "छर्रे फार पसरतात. चकती बदलून बघायला हवी." मी कपाळावर हात मारला.

मेच्या अखेरीस फार्मचं घर उघडायला निघालो. डिकीत काही नव्हतं. पण ती मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती आणि पर्स चांगलीच जड दिसत होती. तासभर मी सहन केलं. मग हायवेच्या कडेला गाडी थांबवली आणि म्हटलं, "उघड."

तिनं शांतपणे चेन ओढली. आत क्रेप बँडेज, शिट्टी, टॉर्च आणि बॅटऱ्या. "मी वेडी नाही हो," ती म्हणाली. मी पुन्हा गाडी सुरू केली.

घर उघडलं, पाणी सुरू केलं, जळमटं काढली. नदीकडे उतरणाऱ्या पायवाटेला दगडांची एक रास आहे. शेड बघायला म्हणून आम्ही तिकडे निघालो. ती पुढे, हातात काठी, जमिनीवर ठाक ठाक आपटत. कोकणात अंधारातून जाताना आपटतात तशी. मी मागे.

राशीजवळ पोचलो आणि एक आवाज आला. सुकलेल्या शिरीषाच्या शेंगा कुणी जोरात हलवाव्यात तसा कोरडा, सलग आवाज. दगडाच्या कडेला वेटोळं करून साप बसला होता, शेपटीचं टोक उभं.

"मागे ये," मी म्हटलं. "हळू. मागे ये."

ती हलली नाही. काठी तशीच हातात. मला वाटलं, भीतीनं तिचे हातपाय गळाले. मी एक पाऊल पुढे टाकलं तेव्हा तिचा चेहरा दिसला. ती घाबरलेली नव्हती. ती मान किंचित कलती करून ऐकत होती.

साप वाजवत राहिला. आम्ही पुढे येत नाही हे कळल्यावर आवाज मंदावला, वेटोळं सुटलं आणि तो सावकाश दगडांखाली गेला. मी तिचा दंड धरून तिला ओढतच पंधरा-वीस पावलं मागे आणलं. तिथे ती गवतातच बसली.

"हा सांगतो," ती म्हणाली.

"काय सांगतो?"

"मी इथे आहे म्हणून. आधी सांगतो." मग हातातली काठी आडवी ठेवून, "आमच्याकडच्यानं काहीच सांगितलं नव्हतं."

आमच्या लग्नाच्या बोलणीत मला इतकंच कळलं होतं की मुलीची धाकटी बहीण लहानपणीच तापानं गेली. पुढे त्या घरात कुणी तिचा विषय काढला नाही, मीही विचारलं नाही. आता त्या माळावर, वाऱ्यात, बायको मला सांगत होती की ताप वगैरे काही नव्हता, मण्यार होती. कुडाळजवळचं त्यांचं गाव, उन्हाळ्याचे दिवस, सगळी मुलं माजघरात जमिनीवर झोपलेली. दोघी बहिणी एकाच गोधडीत. धाकटी सहा वर्षांची.

"मण्यार चावते तेव्हा कळतसुद्धा नाही हो. आवाज नाही, काही नाही. मी सकाळी तिला उठवायला गेले, ती उठेना. मला वाटलं, सोंग करतेय."

घराला सापाचा शाप आहे, असं नाही नाही ते लोक बोलतील म्हणून तिच्या आईनं तापाचं सांगायचं ठरवलं, आणि पुढे सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. "आपली नात आता तेवढीच आहे," ती म्हणाली. "तेवढीच उंची. मला तिच्याकडे बघवत नाही आणि बघितल्याशिवाय राहवत नाही."

मला रडू आलं. रागही आला, पण कुणाचा ते कळेना. त्या मण्यारीचा, त्या तापाच्या गोष्टीचा, की डिकीत रिव्हॉल्व्हर शोधत बसलेल्या माझा? मी तिच्या शेजारी बसलो आणि पाठीवर हात ठेवला. दोघांच्याही ध्यानात आलं नाही की आपण त्याच गवतात बसलोय.

संध्याकाळी जेवणाआधी तिनं मुलाला फोन लावला, स्पीकरवर. आधी कामाचं बोलली. रिव्हॉल्व्हर विकते, काडतुसं सगळी खोलून टाकते, तू तिकीट काढ. मग बहिणीचं सांगितलं, मराठीत, सावकाश, एकही गोष्ट न गाळता. फोन कट झाला की काय म्हणून मी पडदा बघितला.

"आई," शेवटी तो म्हणाला, "इज दॅट व्हाय आय नेव्हर गॉट टू डू स्लीपओव्हर्स?"

"हो रे."

मित्रांकडे रात्री राहायला ती त्याला कधीच पाठवत नसे; मी आजवर समजत होतो की हिला परक्यांच्या घरचं आवडत नाही. त्यावरून मी तिला किती चिडवलं होतं.

"आय डिडन्ट नो," तो म्हणाला. "आय हॅड नो आयडिया, आई." आणि मग, "मीच घेऊन येतो तिला. जूनच्या शेवटी. बट लिसन, तिनं नवीन स्लीपिंग बॅग घेतलीय. फार्मवर जमिनीवर झोपणार म्हणून रोज नाचतेय. मी तिला सांगतो, नो फ्लोअर. बेडवरच झोपायचं. ओके?"

बायको खाली जमिनीच्या लाकडी फळ्यांकडे बघत होती. भिंतीपासून दारापर्यंत एकेक फळी डोळ्यांनी तपासून आल्यावर ती फोनजवळ वाकली.

"नको सांगूस," ती म्हणाली. "झोपू दे तिला खाली. मी पण खालीच झोपेन, तिच्या शेजारी."