नवव्या हर्डलचं वजन

सुषमाला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटतं की माझं असं काहीच उरलेलं नाही जे तिला माहीत नाही. मी कॉलेजात दोनदा नापास झालो हे तिला माहीत आहे, माझ्या घोरण्याचे प्रकारही माहीत आहेत. हे एक मात्र नाही. तिलाच काय, कुणालाच नाही. आणि आज का सांगतोय? खरं सांगू, मलाही नीट कळलेलं नाही. गेल्या रविवारी एक फोन आला, तेव्हापासून बसवत नाही एका जागी. उठतो, बेसमेंटमध्ये जातो, काहीतरी उचलतो, पुन्हा वर येतो.

आता आम्ही मिल्टनला राहतो. ही गोष्ट कॅनडातलीच, पण एडमंटनची, पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची. नागपूरहून येऊन सहा महिने झाले होते. मेकॅनिकल इंजिनियर, नऊ वर्षांचा अनुभव — आणि नोकरी नाही. जिथं जावं तिथं एकच पालुपद: कॅनेडियन एक्सपिरियन्स आहे का? नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा, आणि अनुभवाशिवाय नोकरी कोण देणार? मग कुणीतरी तोडगा सांगतं — व्हॉलंटियर कर. फुकट राब, पण इथल्या माणसाकडून रेफरन्स लेटर मिळव. आपल्याकडे नवीन आलेल्या प्रत्येकानं हे केलंय. मीही केलं.

शहरात एक आंतरराष्ट्रीय मैदानी स्पर्धा भरणार होती. स्पर्धा तशी नवी, दुसरीच खेप, त्यामुळे माणसं कमी आणि धांदल फार. मला हर्डलच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, तुकडीत घातलं. प्रत्येक जोडीला दोन-तीन हर्डल वाटून दिलेले. माझे जोडीदार अंतोनकाका — वसईचे, साठी ओलांडलेले, तिथल्या एका कारखान्यात फोरमन होते, लेकीकडे राहायला आलेले. पहिल्याच दिवशी माझं मराठी ऐकून त्यांनी माझा हात धरला तो पाच मिनिटं सोडला नाही. घरून डब्यात माझ्यासाठी जास्तीची पोळी-भाजी आणायचे. लेक कामावर, नातवंडं इंग्रजीत उत्तरं देणारी — माणूस बोलायला तहानलेला होता. आणि मी? माझं अर्धं लक्ष कायम त्या लेटरकडे.

आमचं काम सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. बायकांची शर्यत झाली की पुरुषांच्या शर्यतीसाठी हर्डल सरकवायचे. बायकांच्या खुणा पिवळ्या, पुरुषांच्या निळ्या. खुणेवर ठेवायचं काम काकांचं. उंची वाढवायची आणि वजन लावायचं काम माझं. हर्डलचे जमिनीवरचे दोन पाय पोकळ असतात, त्यांत सरकणारं वजन असतं. ते अशा बेतानं लावतात की धावणाऱ्याचा पाय लागला तर हर्डल पुढं कोलमडावा. आमची मुख्य, एक उंच, कडक बाई, तिनं ट्रेनिंगमध्ये हे तीनदा सांगितलं होतं — हर्डल पडला पाहिजे, माणूस नाही.

तीनदा. म्हणजे माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी वारा सुटला होता. एडमंटनचा मोकळ्या माळावरचा वारा, त्याला काही आडकाठी नाही. बायकांच्या शर्यतीआधी आमच्या तिसऱ्या लेनमधला नववा हर्डल दोनदा आडवा झाला. स्टेडियमभर लोक हसले. बाई आली आणि सगळ्यांदेखत मला म्हणाली की आणखी एकदा पडला तर तुला पाण्याच्या टेबलावर पाठवीन. झालं. पाण्याच्या टेबलावरच्या माणसाला कोण लेटर देणार?

काका म्हणाले, बाईला सांगू, तो हर्डल ढिला असेल, बदलून देतील. मी म्हटलं, बघतो मी. नऊ वर्षांचा अनुभव ना! सामानाच्या खोलीत एका मोडक्या हर्डलचं सुटं वजन पडलं होतं. पुरुषांची शर्यत लागायच्या आधी मी ते आणलं, आमच्या हर्डलच्या पायात सरकवलं आणि वरून काळी टेप गुंडाळली. हलवून पाहिला. ढिम्म. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! आमच्याकडे याला जुगाड म्हणतात, आणि जुगाड जमला की छाती फुगते. काकांना सांगितलं नाही. ते पलीकडं वाकून खूण बघत होते.

तिसऱ्या लेनमध्ये कुठल्याशा छोट्या बेटावरून आलेला एक धावपटू होता. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. सकाळी सराव करताना तो आमच्याजवळ येऊन प्रत्येक हर्डलवर तळवा टेकवून गेला होता, देवळाच्या उंबऱ्याला हात लावावा तसा. काकांनी त्याला अंगठा दाखवला होता, तो हसला होता. आठव्या हर्डलपर्यंत तो सगळ्यांच्या पुढं होता. नवव्यावर त्याचा मागचा गुडघा लागला. लागतोच — दमलेला असतो माणूस तिथं. शर्यतीत दहा-बारा हर्डल तरी पडले असतील, त्यांचे धावपटू पळत राहिले. आमचा पडला नाही. तो पडला.

आवाज मी ऐकला. कसा होता ते लिहीत नाही.

डॉक्टर धावत आले. मीही धावलो — आणि इथं ऐका, कारण याला नुसती चूक म्हणता येत नाही. मी त्याच्याकडं धावलो नाही. त्यांना वाट करून देतो असं दाखवत मी हर्डल उचलला, बाजूला नेला, पाठ करून टेप सोलली आणि ते वजन जॅकेटच्या खिशात टाकलं. आयुष्यात इतक्या सफाईनं मी दुसरं काही केलेलं नाही.

नंतर बाईनं विचारलं, हर्डल त्याच्या खुणेवर होता का? खूण चुकली की धावणाऱ्याची पावलं चुकतात. आता कोण सांगणार? हर्डल मीच हलवला होता. वजन तपासलं तर बरोबर भरलं. तिनं आम्हा दोघांकडं पाहिलं. माझं जॅकेट एका बाजूला ओढलं जात होतं, मी त्यावर हात दाबून उभा होतो. मी तोंड उघडायला हवं होतं. किती वेळ मिळाला होता मला? बराच. मग काकाच बोलले, तुटक्या इंग्रजीत. त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं बाकी. म्हणाले, माझी नजर अधू आहे, पिवळ्या-निळ्यात गफलत झाली असेल, माझ्याच हातून.

मी खाली बघत राहिलो.

बाईनं त्यांचा बिल्ला काढून घेतला, अगदी सभ्यपणे, आणि उद्यापासून विश्रांती घ्या म्हणाली. मला लेटर मिळालं. त्यात लिहिलं होतं की हा माणूस दबावाखालीही बारीकसारीक गोष्टींकडे काटेकोर लक्ष देतो. त्याच लेटरवर नोकरी लागली — सुरक्षा तपासनिसाची. हसू नका. किंवा हसा. आजही नव्या कामगारांना मी शिकवतो की चूक झाली तर लगेच सांगा, लपवू नका. चांगलं शिकवतो म्हणतात. ते वजन त्याच संध्याकाळी एलआरटीच्या, म्हणजे तिथल्या लोकलच्या, स्टेशनवरच्या कचरापेटीत टाकलं.

तो धावपटू पुन्हा धावला नाही. इंटरनेटवर मी त्याला शोधतो, वर्षातून तीन-चारदा. एका शाळेत मुलांना शिकवतो आता. एका व्हिडिओत चालताना दिसला. डावा पाय जरा ओढतो.

आणि काका? काका दर नाताळला फोन करतात. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी चांदीची वाटी पाठवली होती. इतक्या वर्षांत ते मला एकदाही वावगं बोलले नाहीत — कशाला बोलतील? त्यांच्या लेखी मी त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभा राहिलेला आपला माणूस.

गेल्या रविवारी नाताळ नसताना फोन आला. काका आता ऐंशीला टेकलेत, हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. म्हणाले, दर रविवारी चर्चमध्ये त्या पोराच्या नावानं मेणबत्ती लावतो. नाव ठाऊक नाही, तर तिसऱ्या लेनचा पोरगा म्हणतो. मग म्हणाले, "तू जवळ होतास, बाबा. तुझी नजर चांगली होती. मी निळ्या खुणेवरच ठेवला होता ना?"

स्वयंपाकघरात सुषमा भांडी लावत होती. मी खिडकीशी होतो. एक शब्द पुरला असता. "हो."

मी म्हणालो, "इतक्या वर्षांनी काय आठवणार, काका."

"तेही खरंच," ते म्हणाले. "मलाच आठवत नाही, तुला कुठून आठवेल." मग त्यांनी मुलीची चौकशी केली, विंटर टायर लावलेस का विचारलं आणि फोन ठेवला. ऑपरेशन मंगळवारी होतं. झालंय. अजून शुद्धीवर आलेले नाहीत, असं त्यांची लेक म्हणाली.

हर्डल निळ्या खुणेवर होता. वजन घालताना मी वाकून पाहिलं होतं. दोन्ही पाय अगदी रेघेवर.